हवेतलं आणि वायरीवरचं

दिवाळी सरली की नगर-मनमाड रस्त्याचा आवाज बदलतो. उसानं लादलेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या साखळ्यांची खळखळ, चढाला लागलेलं इंजिन. मी सावेडीत रस्त्यापासून चांगल्या दोन गल्ल्या आत राहते, तरी सकाळी चहा घेताना तो आवाज खिडकीतून येतो आणि मला कळतं, गळीत हंगाम सुरू झाला. मग उगाचच नाकाशी मळीचा वास येतो. आंबूस, गोडसर, पहिल्या दिवशी नकोसा वाटणारा आणि आठव्या दिवशी जाणवेनासा होणारा. इथं नगरात कुठला आलाय मळीचा वास! तो कोपरगावचा आहे, पन्नास वर्षांपूर्वीचा.

यंदा ट्रॉल्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात आमच्या टीव्हीचं रिचार्ज संपलं. मुलगा म्हणाला, "आई, आता भरायलाच नको. फुकटची छत्री मिळते, ती गच्चीवर लावू. एकदाच काय तो खर्च. आणि आवडलं ते रेकॉर्ड करून ठेवायचं, हवं तेव्हा बघायचं." सुनेला ते पटलं नाही. तिच्या मालिका फुकटच्या छत्रीवर येत नाहीत. चहा निवेपर्यंत दोघांचं चाललं होतं. मला हसू येत होतं. हेच भांडण मी चौदा वर्षांची असताना आमच्या घरात ऐकलं होतं. फक्त तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओ होता. आणि भांडत होते माझी आई आणि माझा मामा.

बहात्तरचा तो हंगाम. दुष्काळाचं साल. गोदावरीच्या पात्रात वाळूच जास्त दिसायची. कारखान्याची चिमणी धूर सोडायची खरी, पण ऊस टाकायच्या गव्हाणीसमोर बैलगाड्यांची रांग नेहमीच्या निम्मीसुद्धा नसायची. गावोगावचे लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरोघरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी भाजल्या जात होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे भट्टीत जळणाऱ्या चिपाडाची, काजळी पडायची, ती झटकताना आई म्हणायची, "पडू दे बाई, काजळी पडतेय तोवर पगार होतोय."

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कारखान्याच्या शेतकी खात्यात मदतनीस होते. दिवसभर सायकलवर. कालव्याच्या या चारीवरून त्या चारीवर, या शेतकऱ्याच्या बांधावरून त्या शेतकऱ्याच्या बांधावर. उंच, काळेसावळे, मानेवर उन्हाचा पट्टा पडलेला. कामात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण बोलताना ते अडखळायचे. सगळ्याच शब्दांना नाही, काही अक्षरांना. आणि सगळ्यात जास्त 'प'ला. 'प' आला की ओठ मिटायचे, मान झटका खाऊन एका बाजूला जायची आणि समोरच्यानं कुठं बघावं ते त्याला कळायचं नाही. म्हणून घरात ते कधी पाणी मागायचे नाहीत. "तांब्या दे," म्हणायचे. रस्त्यात पाऊस लागला तर "भिजलो" म्हणायचे. पोस्टात जाऊन आले तर "कार्ड टाकून आलो." 'प' टाळून बोलायची त्यांची इतकी हातोटी होती की पुष्कळांच्या ते लक्षातही यायचं नाही. आमच्या मात्र यायचं.

आणि इथं एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही खरं वाटणार नाही. त्या वर्षी शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी एकमेकींच्या घरच्यांच्या नकला करत होत्या. लतानं, म्हणजे हेडक्लार्कच्या मुलीनं, तिच्या आजीची नक्कल केली. सगळ्या हसल्या. मलाही हसवायचं होतं. मी ओठ मिटले, मान झटकली आणि म्हटलं, "प-प-प-पाचट." मैत्रिणी हसून हसून निंबाच्या पारावर लोळल्या. हसू ओसरलं तेव्हा मला कुंपणापलीकडच्या रस्त्यावर एक सायकल लांब जाताना दिसली. पाठमोरी. अण्णांची होती की दुसऱ्या कुणाची, मला सांगता येईना. अण्णा संध्याकाळी घरी आले, नेहमीसारखे जेवले, मला गणितं घातली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले आणि काहीच कळलं नाही. पुढचे तीन महिने मी त्या पाठमोऱ्या सायकलीचं ओझं घेऊन हिंडत होते.

आमच्या कॉलनीत बेचाळीस क्वार्टर्स होत्या आणि फार थोड्या घरांत रेडिओ होता. पण ऐकायला मात्र सगळ्यांना मिळायचं, ते निवृत्तीनानांमुळे. नाना कारखान्याचे वायरमन. क्लबच्या बाजूच्या खोलीत त्यांनी एक रेडिओ आणि एक ॲम्प्लिफायर बसवला होता. तिथून वायरी निघायच्या, खांबाखांबावरून जायच्या आणि प्रत्येक क्वार्टरच्या भिंतीवरच्या लाकडी डब्यात शिरायच्या. डब्याला पुढं जाळीचं कापड आणि एकच बटण, आवाज कमी-जास्त करायचं. स्टेशन बदलायची सोय नाही. नाना जे लावतील ते बेचाळीस घरांत वाजायचं. सकाळी अभंग, मग बातम्या, दुपारी वनिता मंडळातल्या बायकांसाठी काहीबाही, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि त्यानंतर हिंदी गाणी. नानांना आवडणारी गाणी. ती आवडो न आवडो, त्यासाठी महिन्याला दीड रुपया द्यायचा. मधूनच गाणं थांबायचं आणि नानांचा स्वतःचा आवाज यायचा, "पाच नंबरच्या वहिनी, तुमची शेळी माझ्या वायरीला शिंगं घासतीय, बांधून घ्या." सगळी कॉलनी हसायची.

दामूमामाला ही वायर अजिबात पसंत नव्हती. मामा आईचा धाकटा भाऊ, नगरला लष्कराच्या वर्कशॉपात कामाला. हाताला सतत डाखाचा, सोल्डरिंगचा वास. तो आला की डब्याकडं बघून म्हणायचा, "अक्का, जे हवेतून आपल्या कौलावर फुकट येऊन पडतंय, त्यासाठी तू दुसऱ्याला पैसे देतेस?"

"मग काय कौलावर जाऊन बसू? कान लावून?" आई म्हणायची.

"रेडिओ घ्या. एरियल लावा. मग तू हवं ते ऐक. आता तुझी गत आगगाडीच्या डब्यासारखी आहे. ड्रायव्हर नेईल तिकडं."

"आणि तुझ्या त्या रेडिओला लायसन लागतं ते? पोस्टात कोण भरणार?"

"ते सोडून फुकट," मामा म्हणायचा.

त्या डिसेंबरात एक दिवस जाड तपकिरी पाकीट आलं. पुण्याच्या रेडिओ केंद्रावरून. पंधरा दिवसांपूर्वी तिथले एक साहेब दुष्काळी भाग बघत फिरले होते. सगळीकडं ऊस वाळून पिवळा पडला होता आणि अण्णांच्या देखरेखीखालचा अर्ध्या एकराचा एक तुकडा हिरवा होता. अण्णांनी तिथं एक सरी सोडून एक सरी भिजवली होती आणि उसाचं वाळलेलं पाचट जाळू न देता सऱ्यांत अंथरलं होतं, ओल धरून ठेवायला. आज हे कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा शेतकरी पाचट पेटवून मोकळे व्हायचे आणि अण्णांना वेड्यात काढायचे. साहेबांनी लिहिलं होतं: 'कमी पाण्यात ऊस कसा जगवावा' या विषयावर आपलं दहा मिनिटांचं भाषण ध्वनिमुद्रित करायचं आहे, अमुक तारखेला पुण्यात यावे.

आईनं पत्र मोठ्यानं वाचलं. कमी पाण्यात. पाचट. पीक. पाट. अण्णांना आयुष्यभर ज्या अक्षरानं छळलं होतं, त्या अक्षरावर दहा मिनिटं बोलायचं होतं.

"नाही म्हणून कळवू का?" आईनं विचारलं.

अण्णांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कालव्याचं आवर्तन एकच राहिलंय. हे आत्ता नाही सांगितलं तर उरलेला ऊसही जाईल."

ते गेले. आठ दिवस आरशासमोर वाचून, कागद घडी पडून फाटेपर्यंत वाचून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते गप्पच. आईनं विचारलं, "झालं?" "झालं," म्हणाले. "कसं झालं?" यावर त्यांनी फक्त हात हलवला, माशी वारावी तसा. नंतर काही दिवस ते आणखीच कमी बोलायला लागले. तांब्यासुद्धा हातानं दाखवून मागायचे. मला समजायला लागलं की तिथं काहीतरी वाईट घडलंय, आणि ते आता कुठल्यातरी फितीवर जपून ठेवलंय, आणि ठरल्या दिवशी ते हवेतून येणार आहे.

ठरला दिवस कार्डावर आला. फेब्रुवारीतला एक गुरुवार, संध्याकाळी पावणेसात.

नानांना कोणी सांगितलं कोण जाणे. पण सोमवारपासून प्रत्येक गाण्यानंतर डब्यातून त्यांचा आवाज यायला लागला. "ऐका हो ऐका. येत्या गुरुवारी आपल्या कॉलनीतले शेतकीचे साहेब रेडिओवर बोलनार हायेत. कुनी कुठं जाऊ नका. आपल्या वायरीवर पयल्यांदाच आपला मानूस!" अण्णा जेवत असले की घास तसाच हातात राहायचा. बेचाळीस डबे. बेचाळीस घरं, त्यांतली पोरंबाळं. माझ्या मैत्रिणींची घरं.

बुधवारी दुपारी आई पदर खोचून उठली. मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." आम्ही नानांच्या खोलीत गेलो. नाना स्टुलावर बसून फ्यूजची तार बांधत होते.

"नाना, एक मागायला आलेय," आई म्हणाली. "उद्या त्या वेळेला गाणी लावा. यांचं भाषण लावू नका."

नानांच्या हातातली तार तशीच राहिली. "का वं वहिनी? माझं काय चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग आवो, दोन वर्सं झाली ही वायर वडून. मुंबईच्या मानसाचं ऐकवलं, दिल्लीच्याचं ऐकवलं. आपलं मानूस कदी आलंच न्हाई. आता आलंय तर तुमी म्हनता लावू नका. मंग ही वायर कशापायी हाय?"

आईनं दार लोटून घेतलं. मग तिनं सांगितलं. अण्णांच्या बोलण्याचं आणि ते पुण्याहून आल्यापासूनचं, सगळं. असं बाहेरच्या माणसाला सांगताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

नाना म्हणाले, "मला ठावं हाय की त्येंचं बोलनं. त्यात काय! पन त्यांनीच येऊन सांगावं ना मला."

"नाना," आई म्हणाली, "त्यांना ते सांगता येत असतं तर मी आले असते का?"

नानांनी मान खाली घातली. हातातली तार गुंडाळत म्हणाले, "गानी न्हाई लावत. त्या वक्ताला गानी लावनं बरं न्हवं. मी वायरच बंद ठेवतो. मशीन तापलं म्हनून सांगतो. दहा मिन्टांचा तर सवाल हाय."

आम्ही हलक्या पायांनी घरी आलो. आणि घरी येऊन बघतो तर दामूमामा छपरावर चढलेला. जुना संदूक वाटावा अशी एक पेटी ओट्यावर, एक रेडिओ खाटेवर, आणि मामा दोन बांबूंच्या मध्ये एरियलची जाळीदार पट्टी ताणून बांधत होता. त्या पेटीत स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. बदली होऊन जाणाऱ्या एका लष्करी साहेबाकडून मामानं तो घेतला होता.

"अक्का!" तो वरूनच ओरडला. "दाजींचं भाषण आपण हवेतून धरायचं आणि टेपवर ठेवायचं! वायर नको नि काही नको. एकदा बोललेलं परत परत ऐकता येतं, बघ तू!"

आईनं कपाळाला हात लावला. परत परत ऐकणं हेच तर अण्णांना नको होतं. पण भाऊ नगरहून एवढं ओझं घेऊन आलेला. ती म्हणाली, "बरं. दार लावून घेऊ आणि हळू आवाजात ऐकू. आपण तिघंच."

गुरुवारी चार वाजता अण्णा सायकल घेऊन निघाले. "लांबच्या चारीवर जायचंय," म्हणाले. "उशीर होईल." कुठल्या चारीवर ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही.

आता माझ्या नातवाला हे सांगायला लागले की तो मध्येच विचारतो, "आजी, मग पुढं ढकलायचं ना! ते तेवढंच सोडून द्यायचं." त्याच्या हातात चालतं चित्र थांबवायचं, मागं न्यायचं, गाळायचं बटण आहे. त्याला कसं समजवायचं की तेव्हा पावणेसात वाजले म्हणजे पावणेसात वाजले. ते येणार, आणि ज्याच्या कानी पडेल त्याच्या कानी पडणार, आणि मग विरून जाणार.

साडेसहाला डब्यातून बातम्या चालू होत्या. सहा चाळीसला खट्ट वाजलं आणि डबा मुका झाला. नानांनी शब्द पाळला. मामानं रेडिओ लावला, केंद्र धरलं, उशीवर माइक ठेवून तो रेडिओच्या तोंडाशी नेला. आईनं दाराला कडी घातली.

आणि कडी वाजायला लागली.

सगळ्यात आधी शेजारच्या काकू. "अगं, आमचा डबा बंद पडला! तुमच्याकडं एरियल लागलंय ना, दार उघड!" त्यांच्यामागं हेडक्लार्क, लता, लताचा धाकटा भाऊ. त्यांच्यामागं गव्हाणीवरून सुटून आलेले दोघं-तिघं, हातपाय न धुता तसेच. चार दिवस नानांनी कॉलनीला उत्सुक करून ठेवलेलं. वायर मेली तसे सगळे निघाले आणि कौलावरचे दोन बांबू बघून आमच्याकडं आले. ज्यांनी भिंतीआड आपापल्या घरात ऐकलं असतं ते लोक आता आमच्या अंगणात, आमच्या ओट्यावर, खिडकीच्या गजांशी दाटीनं उभे राहिले. आई पांढरी पडली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

दामूमामाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एकच काळजी. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "या, या, सगळे या. पण एक सांगून ठेवतो. हा माइक आहे. याला सगळं ऐकू जातं. कोणी खोकलं तर खोकला टेपवर बसेल. कोणी हसलं तर हसू बसेल. दहा मिनिटं चिडीचूप."

मी पन्नास वर्षांत तसली शांतता परत अनुभवली नाही. साठ-सत्तर माणसं, आणि फक्त स्पूल फिरल्याचा बारीक आवाज. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले होते. निवेदकानं अण्णांचं नाव घेतलं. मग अण्णांचा आवाज आला.

"शेतकरी बंधूंनो, नमस्कार."

घरच्यापेक्षा जाड, खोल आवाज. बरं चाललं होतं. ते बोलत होते ते वाचल्यासारखं नव्हतंच. एखाद्याला बांधावर नेऊन दाखवावं तसं सांगत होते. सरी कशी सोडायची, पाचट किती जाड अंथरायचं, तोडणीनंतर फुटणाऱ्या खोडव्याला काय करायचं. 'पाचट' सरळ गेलं. 'पीक' सरळ गेलं. मी प्रत्येक शब्दाबरोबर श्वास धरत होते. आणि मग, मध्यावर कुठंतरी, ते आलं.

"...तुम्ही म्हणाल, एवढं सगळं खरं, पण मुळात प... प... प... पाणीच नाही."

थांबणं लांब होतं. माझे डोळे आपोआप लताकडं गेले. ती माझ्याकडं बघत नव्हती. रेडिओकडं बघत होती, भावाच्या तोंडावर एक हात आणि स्वतःच्या ओठांवर दुसरा. तिच्यापलीकडं गव्हाणीवरून आलेल्यांतला एक माणूस उभा होता, काजळीनं काळा. त्याची स्वतःची जमीन होती राहात्याकडं. त्यानं हळूच मान डोलावली. पाणीच नाही. खरंय. अण्णा पुढं बोलत राहिले, आणि कोणीही, कोणीही हसलं नाही. माइकमुळे हसले नाहीत, असं मी पहिल्यांदा धरून चालले. पण भाषण संपलं, मामानं बटण दाबून माइक काढला, आता हसायची मुभा होती. तरी कोणी हसलं नाही. गव्हाणीवरच्या माणसानं विचारलं, "ते पाचट किती बोटं म्हनाले? मला नीट ध्येनात न्हाई राह्यलं. परत लावता येतं का वं?"

मामाला तेच हवं होतं. त्यानं स्पूल उलटी फिरवली आणि पुन्हा सुरू केली. आता टेपवर आमचं घरही आलं होतं. कुठंतरी एक शेळी, एक लहान मूल, आणि मध्येच आईच्या बांगड्या.

त्याच वेळी अण्णा परत आले. भाषण संपून गेलं असेल या हिशोबानं आले होते. आणि पाहिलं तर आपल्या अंगणात सगळी कॉलनी मुकाट उभी. तशी माणसं आपल्याकडं घरात कुणी गेलं तरच उभी राहतात. त्यांनी सायकल टाकली, ती पडल्याचा आवाज आला, आणि गर्दी हातांनी बाजूला सारत ते आत घुसले. "क-काय झालं? कोण...?"

आई समोर उभी होती. धडधाकट. मी तिच्याशेजारी. आणि खाटेवरच्या पेटीतून त्यांचाच आवाज म्हणत होता, "घाबरून जाऊ नका. मुळं जिवंत आहेत तोवर ऊस जिवंत आहे."

अण्णा खांबाला टेकले. आता पळायला जागा नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि वाट बघायला लागले. मीही. ते "प... प..." आलं, गेलं, "पाणीच नाही" झालं, आणि भाषण पुढं सरकलं. संपलं. अण्णांनी डोळे उघडले.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच म्हणजे?" मामा म्हणाला. "दहा मिनिटं आहे पुरं!"

"नाही, ते... अडकलो ते. मला वाटलं होतं अख्खं भाषणच अडकलंय."

मग त्यांनी सांगितलं, सगळ्यांसमोर. खोलीतला लाल दिवा लागला तसे ते पहिल्याच वाक्यात थांबले होते. कागद हातात, आणि तोंड मिटलेलं. किती वेळ ते त्यांना सांगता येईना. मग काचेपलीकडचे साहेब उठून आत आले, त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि समोर बसून म्हणाले, तुमच्या त्या तुकड्याचं मला परत सांगा बघू, मी विसरलो. अण्णांनी सांगितलं. अडखळत, थांबत, साहेबांच्या तोंडाकडं बघत. त्यांना वाटलं, भाषण तर झालंच नाही, साहेबांनी दयेनं वेळ काढून दिला. ते मधले अडथळे कात्रीनं काढता येतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक तेवढा राहिला होता. राहून गेला की साहेबांनी मुद्दाम ठेवला, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सगळे पांगल्यावर निवृत्तीनाना आले. त्यांनी वायर तर बंद ठेवलीच होती. पण आपण काही ऐकू नये म्हणून खोलीतला रेडिओही बंद करून ते अंधारात बसून राहिले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "झालं का? बरं गेलं का?"

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, मग आईकडं. आईनं खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना सगळं उमगलं असावं. म्हणाले, "नाना, बसा. तुम्ही एकटेच राहिलात. दामू, लाव परत." तिसऱ्यांदा ते वाजलं. नाना मांडी घालून ऐकत होते. संपल्यावर अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी हे मशीन तुमच्या खोलीत न्या. बातम्यांनंतर वायरीवर लावा. ज्यांना येता आलं नाही ते ऐकतील."

"दाजी!" मामा म्हणाला. "हवेतून फुकट धरलेलं वायरीवर?"

"मशीन तुजं, वायर माजी, भाषन त्येंचं," नाना म्हणाले. "तू बटन दाबायला ये म्हंजी झालं."

त्या संध्याकाळी जेवताना आई पुन्हा पुन्हा वाढत होती. मी पाट सरकवून अण्णांजवळ बसले. मला सांगायचं होतं, पण सुरुवात येईना. "अण्णा, मी शाळेत..." एवढं म्हणाले आणि मीच अडकले. ओठ मिटून. कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

अण्णांनी भाकरी मोडली. "ती नक्कल?" ते म्हणाले. "बघितली मी. चांगली केलीस. फक्त माझी मान डावीकडं जाते, तू उजवीकडं नेलीस."

मी रडायला लागले. ते हसत होते. आई विचारत राहिली, काय झालं, कसली नक्कल, आणि आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही.

ती टेप फार दिवस राहिली नाही. दुसऱ्याच वर्षी मामानं स्वतःच्या लग्नात तिच्यावर सनई भरली. आई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. आमच्या घरी मग रेडिओ आला, लायसन आलं, कौलावर एरियल कायमचं राहिलं. तरी नानांच्या वायरीचे पैसेही आई देतच राहिली. मामा विचारायचा, आता कशाला? आई म्हणायची, "असू दे. शेळी कुणाची सुटली ते तुझ्या हवेतून कळत नाही."

भाषणानंतर महिन्याभरानं, ऊन चांगलं तापलेलं असताना, एक म्हातारा आमच्या दारात उभा राहिला. धोतर, खांद्यावर पिशवी, पायांवर वीतभर धूळ. कर्जतकडून आलेला. हिकडं एका लग्नाला आलो हुतो म्हणाला, मग चौकशी करत करत इथवर. त्यानं अण्णांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रेडिववर बोलले ते तुमीच का?"

"हो."

"माजा ऊस न्हाई. विहिरीवर धा-बारा कागदी लिंबं हायेत. उसाला पाचट घालायचं म्हनालात. लिंबाला काय घालू?"

अण्णा त्याला परसातल्या आमच्या एकुलत्या लिंबाखाली घेऊन गेले. मी तांब्या-भांडं घेऊन मागं गेले. अण्णा उकिडवे बसून बोटानं मातीत आळं काढून दाखवायला लागले, आणि म्हणाले, "उसाचं नसलं तर बाजरीचं सरमाड चालेल, नाहीतर झाडाचा प... प... प..."

मान डावीकडं गेली. मी थांबले. तो शब्द पालापाचोळा होता, आणि त्याच्या जागी त्यांना सुचेल असा दुसरा सोपा शब्द होता, मला दोन-तीन ठाऊक होते. पण अण्णांनी शब्द बदलला नाही. ते त्याच अक्षराशी उभे राहिले.

म्हाताऱ्यानं पटका काढला, त्यानं तोंडावरचा घाम पुसला आणि सावलीत नीट मांडी घालून बसला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "नगरची यष्टी पाचला हाय."